कॉफी आणि रात्रीचा अभ्यास

'कॉफी' हा शब्द इंग्रजीतून आला असे तुम्हाला वाटत असेल. पण त्याचे मूळ अरबी आहे. अरबीतील 'कहवा' हा शब्द तुर्कस्तानमार्गे युरोपात गेला आणि तेथे त्याची 'कॉफी' झाली. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी लोक रात्रीच्या इबादतीत झोप येऊ नये म्हणून कहवा पीत असत. बाबा बुदन या सूफी संतांनी हजहून परत येताना मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे परंपरेने सांगितले जाते. कर्नाटकातील त्या डोंगराला आज त्यांचेच नाव आहे.

जागरण आणि कॉफी यांचे नाते असे जुने आहे. परीक्षा जवळ आली की ते तुमच्या घरातही दिसते. रात्रीचे दहा वाजतात. तुमचे डोळे मिटू लागतात. मग अम्मी किंवा आपा मायेने कॉफीचा कप आणून देते. त्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण तो कप रात्री घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

का, ते पाहू. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. ते मेंदूतील ठरावीक जागांवर जाऊन बसते, तेव्हा आपल्याला पेंग येते. कॉफीतील कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवून बसते. त्यामुळे झोप आल्याचे कळत नाही. थकवा मात्र कोठेही गेलेला नसतो. शिवाय पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. दहा वाजता कॉफी घेतली, तर पहाटे तीन वाजताही निम्मे कॅफीन अंगात शिल्लक असते. तुम्ही बारा वाजता पुस्तक मिटून आडवे झालात, तरी गाढ झोप लागत नाही.

आणि अभ्यासाला हीच झोप सर्वांत जास्त उपयोगी असते! दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. तुमच्या वयाला रोज आठ ते दहा तासांची झोप हवी. ती कमी करून पाठ केलेले उत्तर सकाळी पेपर लिहिताना आठवेलच, असे नाही.

"पण कॉफी आरोग्याला चांगली असते, असे वर्तमानपत्रात छापून येते," असे तुम्ही म्हणाल. ते खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1991 मध्ये कॉफीवर कर्करोगाचा संशय घेतला होता. 2016 मध्ये तो मागे घेतला. रोज तीन-चार कप कॉफी घेणाऱ्या लोकांत मधुमेह आणि यकृताचे आजार कमी आढळतात, हेही खरे आहे. पण ते लोक प्रौढ आहेत, आणि त्यांचे आरोग्य कॉफीमुळेच चांगले राहिले हे अजून पुरते सिद्ध झालेले नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम कॅफीन ही सुरक्षित मर्यादा सांगितली. मुलांसाठी मात्र वजनाच्या दर किलोला 3 मिलिग्रॅम. म्हणजे 45 किलो वजनाच्या मुलाला 135 मिलिग्रॅम. दोन कप कडक कॉफीत एवढे कॅफीन सहज असते. त्यात आपल्याकडे प्रत्येक कपात दोन-तीन चमचे साखर घालतात, तिचा हिशेब वेगळाच!

मुलींनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. जेवणासोबत किंवा जेवण होताच चहा-कॉफी घेतली, तर अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या दर शंभर मुलींपैकी 59 मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. तरी पालक आणि डाळीतून मिळणारे थोडेसे लोहही वाया का घालवायचे? जेवणानंतर निदान एक तास थांबावे.

रोजच्या कपाची शरीराला सवय लागते. ज्यांना चहा-कॉफीची फार सवय असते, त्यांचे डोके रमजानच्या पहिल्या एक-दोन रोज्यांत दुपारनंतर दुखू लागते. उपाशी राहणे हे त्याचे एक कारण असते. दुसरे कारण म्हणजे न मिळालेले कॅफीन. अशांनी रमजानच्या दोन आठवडे आधीपासून कप कमी करावेत. प्रथम रात्रीचा बंद करावा, मग संध्याकाळचा. परीक्षेच्या आधीही असेच करता येईल. रात्री दहाला झोपून पहाटे सहाला उठा आणि राहिलेला धडा तेव्हा वाचा.