वाद्यालाही चुंबळ हवी

गणपतीला महिना-दीड महिना उरला, की लालबागच्या माझ्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे रुग्ण वाढू लागतात. पहिले पावसाळी तापाचे. ते दरवर्षीचेच. दुसरे मात्र अलीकडच्या वर्षांत वाढले आहेत. वय १६ ते ३०, अंगकाठी चांगली, आजार कसला नाही. पण बाकावरून उठताना हात कमरेवर. "काय रे, काय जड उचललंस?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "उचललं काही नाही डॉक्टर. पथकात ढोल वाजवतो."

ढोल वाजवणारा तो ढोल तीन-तीन, चार-चार तास कमरेला बांधून उभा असतो. पण ते वजन उचलणे आहे, हे त्याच्या गणतीतच नसते. आजचा विषय हाच आहे.

परवा एक आई आपल्या २२ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत होत्या. हात फिरवला तर बधिर, आणि मध्येच आग. आईच्या मनात अर्धांगवायूची भीती. तपासले तर पायातली ताकद उत्तम. कंबर पाहिली, तेव्हा दोरीचा लालसर वळ ओटीपोटाच्या बाजूने, बरोबर कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावरून गेलेला. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना पुरवणारी एक नस याच टोकाजवळून खाली उतरते. घट्ट पट्टा, तंग पँट किंवा दोरी तिथे सतत दाबत राहिली, की ती नस कुरकुरते. बहुतेक वेळा दाब काढला की काही आठवड्यांत बरे वाटते. मी आईला धीर दिला आणि मुलाला म्हटले, "महिनाभर ढोल बांधायचा नाही." त्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, मग गोळी द्या. ढोल सोडणार नाही."

वाचकहो, त्याच्यावर मी रागावलो नाही. ढोल सोडा, हा डॉक्टरांचा सल्ला सोपा असतो, पण तो कोणी पाळत नाही. आणि का पाळावा? गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. या वस्तीतल्या मुलांच्या अंगात वाद्याचा ठेका लहानपणापासून भिनलेला असतो. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, पुढे गिरगावातही शोभायात्रा निघू लागली आणि पथकांचा हंगाम लांबला. व्यसनापासून दूर, शिस्तीत, दहा-वीस जण मिळून एक ठेका धरतात, हे चांगलेच आहे. म्हणून प्रश्न ढोल वाजवावा की नाही हा नाही. ढोलाचा भार शरीरावर कुठे आणि कसा टेकवावा, हा आहे.

हा प्रश्न मुंबईपुरता आहे, असेही समजू नये. गिरणगाव वसले ते कोकण-साताऱ्याकडून आलेल्या माणसांनी. आपले टाळ-मृदंग ती गावाहूनच घेऊन आली. आता मुंबई-पुण्याची ढोलपथकांची हौस उलट दिशेने तालुक्याच्या गावी पोहोचली आहे. आणि ढोल नसला, तरी आषाढी वारीत मैलोन्मैल मृदंग गळ्यात अडकवून चालणारे वादक आहेतच. मिरवणुकीत ताशा किंवा ढोलकी गळ्यात घालणारे आहेत, बेंजो पार्टीतले आहेत. ज्याच्या अंगावर वाद्य, त्याने हा लेख वाचावा.

आता पाठीचे गणित पाहू. बागेतला सी-सॉ आठवा. मधला टेकू म्हणजे आपल्या मणक्यांमधल्या गाद्या. पुढच्या बाजूला ढोल, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटर मागे असतात. ढोलाचे वजन १० किलो धरा आणि त्याचा मध्य कण्यापासून ३० सेंटिमीटर पुढे धरा. तोल राखायला पाठीच्या स्नायूंना ५० ते ६० किलोचा ताण द्यावा लागतो. म्हणजे ढोल १० किलोचा, पण कमरेच्या गादीवर येणारा जादा दाब ६०-७० किलोचा. ढोल आणखी पुढे लोंबला, की हा आकडा आणखी चढतो. मग वादक काय करतो? मागे रेलतो. त्याने तोल साधतो, पण कमरेची खोबण वाढते आणि मणक्यांच्या मागच्या बाजूचे सांधे एकमेकांवर दाबले जातात. त्यात एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, प्रत्येक ठोक्याला कमरेला पीळ. असे तासन्तास.

गळ्यात अडकवलेल्या वाद्याची तऱ्हा वेगळी. तिथे सगळा भार मानेच्या मुळाशी, बोटभर रुंद पट्ट्यावर येतो. मान पुढे झुकते, खांदे आवळले जातात, रात्री डोके दुखते आणि हाताला मुंग्या येतात. रुग्ण म्हणतो, "उशी बदलली म्हणून झालं असेल." उशी बिचारी निर्दोष असते.

यावर उपाय शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या आज्या विहिरीवरून पाणी आणताना हंड्याखाली काय ठेवत? चुंबळ. जुन्या लुगड्याचे ते वेटोळे दोन कामे करते. एक, भार एका बिंदूवर न येता रुंद जागेवर पसरतो. दोन, हंडा डुगडुगत नाही, कण्याच्या सरळ रेषेत राहतो. डोक्यावरचे ओझे मानेला सुखाचे असते, असे मी म्हणत नाही. पण भार कसा पेलावा याचे शास्त्र त्या चुंबळीत आहे. आणि गंमत पाहा, तबल्या-डग्ग्याखाली जे कापडी कडे ठेवतात, त्यालाही आपण चुंबळच म्हणतो. म्हणजे जमिनीवर बसलेल्या तबल्याला चुंबळ आहे, पण माणसाच्या कमरेवर लोंबणाऱ्या ढोलाला मात्र काथ्याची नाहीतर नायलॉनची दोरी!

परदेशातले एक उदाहरण सांगतो. दादरला संध्याकाळी पाठीवर गिटारची पिशवी अडकवून क्लासला जाणारी मुले दिसतात. गिटार बसून वाजवायची जुनी पद्धत म्हणजे डावा पाय छोट्या स्टुलावर ठेवून उंच केलेल्या मांडीवर ती टेकवायची. एक पाय तासन्तास वर राहिला, की कंबर एका बाजूला कलते आणि दुखते. स्पेनमधला नामवंत गिटारवादक दिओनिसिओ अग्वादो (१७८४ ते १८४९) याने यावर वेगळाच विचार केला. त्याने गिटारसाठी तीन पायांची एक घोडीच बनवली. वाद्य घोडीवर, वादक शेजारी मोकळा बसलेला. अंगाचा दाब नसल्याने गिटारचा आवाज अधिक खुलतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात, असे त्याचे म्हणणे. १८४३ च्या आपल्या शिकवणीच्या ग्रंथातही त्याने तिचा पुरस्कार केला. फर्नांदो सोर या त्याच्या तोलामोलाच्या वादकानेही या घोडीची वाखाणणी केली होती. ती घोडी पुढे मागे पडली, पण विचार टिकला. आज गिटारला लावायचे असे आधार मिळतात, की दोन्ही पाय जमिनीवर टेकवून वाजवता येते. उभ्याने वाजवणारे रुंद, मऊ पट्टा वापरतात. मिरवणुकीतल्या ड्रमसाठीही तिकडे खांद्यावरची एकेरी पट्टी मागे पडून जाकिटासारखी, दोन्ही खांद्यांवर बसणारी चौकट आली. या कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. वाद्याचा आधार हाही वाद्याचाच भाग, असे त्यांनी मानले.

आता त्या मुलाकडे येतो. त्याला म्हटले, "ढोल सोडू नकोस, दोरी सोड." आमच्या गल्लीत शाळेची दप्तरे शिवणारा एक कारागीर आहे. दोघे त्याच्याकडे गेलो. पहिला पट्टा रुंद केला, पण ढोल एकाच हुकात अडकवला. तो चालताना गुडघ्यांवर आपटू लागला. दुसऱ्या खेपेला दोन्ही बाजूंना हूक दिले आणि आत कापसाची गादी घातली. ती घामाने भिजून दगड झाली. तिसऱ्या खेपेला गादी फोमची, वर जाळीचे कापड, आणि पाठीवर फुलीसारखे आडवे जाणारे दोन खांदेपट्टे. हे खांदेपट्टे भार उचलण्यासाठी नाहीत, ढोल पुढे झुकू नये म्हणून आहेत. भार बसला कमरेच्या हाडांवर, तिथून सरळ पायांत. गिर्यारोहकांच्या सॅकला कमरेचा पट्टा असतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. खर्च आला पथकाच्या एका झब्ब्याएवढा. महिनाभर विश्रांतीनंतर तो पुन्हा सरावाला उभा राहिला, आणि यंदा त्याच्या पथकातल्या आणखी सहा जणांनी तसेच पट्टे शिवून घेतले.

पण सगळ्यांनी नाही. काही जण हसले. "पट्टा लावला की रुबाब जातो," असे एकाने मला तोंडावर सांगितले. कमरेवरचे दोरीचे वळ आणि बोटांवरचे फोड ही शौर्याची खूण म्हणून मिरवायची रीत पडली आहे. मला हे साफ नामंजूर आहे. देवाच्या दारात कष्ट करावेत, पण टाळता येणारी इजा ही सेवा नव्हे. १६-१७ व्या वर्षी हाडे अजून वाढत असतात. पाठीचे दुखणे त्या वयात जडले, तर पुढे पोटापाण्याच्या कामात आडवे येते. गिरणगावातल्या घरात कमावता मुलगा महिनाभर घरी बसला, तर काय होते, हे मी सांगायला नको.

जबाबदारी वादकाची एकट्याची नाही. मंडळे पथकाला सुपारी देताना ढोल किती, ताशे किती, हे विचारतात. वादक किती वेळ सलग वाजवणार आणि बदली वादक आहेत का, हेही विचारावे. पथकप्रमुख ढोलाच्या पानावर आणि पोशाखावर खर्च करतात. त्याच वहीत पट्ट्याचा खर्च धरावा. आता पथकांत मुली मोठ्या संख्येने आहेत. मुलांच्या मापाचा पट्टा त्यांना बसत नाही, म्हणून प्रत्येकीच्या मापाचा शिवावा.

पुढील गोष्टी कोणत्याही गावात करता येतील.

१. पट्टा निदान चार बोटे रुंद आणि आतून मऊ असावा. दोरी थेट अंगावर बांधू नये.

२. पट्टा कमरेच्या हाडांवर बसवावा, पोटावर नाही. हाडाच्या पुढच्या टोकावर गाठ किंवा बक्कल येऊ देऊ नये.

३. वाद्य अंगालगत ठेवावे. जितके पुढे, तितका पाठीवर भार.

४. गळ्यात अडकवायच्या वाद्याचा पट्टा रुंद असावा आणि शक्यतो मानेऐवजी दोन्ही खांद्यांवर यावा.

५. सराव करताना ढोल लाकडी घोडीवर ठेवावा. अंगावर बांधून सराव शेवटचे काही दिवस पुरे.

६. दर दोन ढोलांमागे एक बदली वादक ठेवावा. मिरवणूक थांबली, की वाद्य खाली उतरवावे. खांद्यावर घेऊन गप्पा मारू नयेत.

७. हंगामाच्या दोन महिने आधीपासून पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, सूर्यनमस्कार, चालणे सुरू करावे. वर्षभर बसून राहिलेली पाठ एका रात्रीत ढोल पेलत नाही.

कंबर दोन-चार दिवस दुखली, तर शेक, थोडी विश्रांती आणि हलके चालणे पुरते. पण कळ गुडघ्याखाली उतरू लागली, पाऊल उचलताना अडखळू लागले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर तासाचाही उशीर न करता मोठ्या रुग्णालयात जावे. मिरवणूक पुढच्या वर्षी पुन्हा येते. मेलेली नस येईलच असे नाही. पाठदुखी रेंगाळली, तर मालीशवाल्याकडून कंबर मोडून घेण्याऐवजी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. परळच्या के.ई.एम.सारख्या सरकारी-पालिका रुग्णालयांत ही सोय असते.

यंदा विसर्जनाला लालबागहून गिरगाव चौपाटीकडे जाणारी पथके पाहाल, किंवा तुमच्या गावच्या चौकात ढोल घुमेल, तेव्हा आवाजाबरोबर वादकाच्या कमरेकडेही एकदा पाहा. तिथे दोरी दिसली, तर वादन संपल्यावर त्याला पाणी द्या आणि चुंबळीची ही गोष्ट सांगा.