चव्हाट्यावरचें विजेचें संगीत

विजेच्या वाद्यांनीं रस्त्यावर, बागेंत, घाटावर किंवा पुलाखालीं वाजवावें कीं नाहीं, या प्रश्नावर आपल्या सुशिक्षित समाजांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, विजेचें वाद्य हें मुळीं वाद्यच नव्हे, आणि तें चव्हाट्यावर आणणें म्हणजे केवळ गोंगाट. सबब तें सरसकट बंद करावें. दुसरा म्हणतो कीं, उत्सव लोकांचा, रस्ताहि लोकांचा. तेव्हां ध्वनिक्षेपकांची कितीहि उंच भिंत उभारली तरी कोणीं हरकत घेऊं नये. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी म्हणून वावरतात. परंतु आमच्या मतें दोघांची चूक एकच आहे. वीज, मोठा आवाज आणि संगीत या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें दोघेहि विसरतात. या गल्लतीचा फटका बसतो तो तिसऱ्यालाच. पाठीवरच्या पिशवींत मावेल एवढें स्वरयंत्र, बॅटरीवर चालणारा लहानसा ध्वनिक्षेपक आणि दहापंधरा श्रोत्यांना पुरेल एवढा आवाज घेऊन जो वादक उघड्या जागीं वाजवावयास बसतो, त्याला पहिला पक्ष उठवून लावतो आणि दुसरा बुडवून टाकतो. त्याचीच बाजू आम्हांस येथें मांडावयाची आहे.

पहिला आक्षेप असा कीं, हें वादनच नव्हे. बटण दाबलें कीं यंत्र आपोआप वाजतें, त्यांत कलावंताचा हात कोठें आला? हा आक्षेप आपल्याकडे नवा नाहीं. ज्या पेटीवांचून आपलें भजन, कीर्तन आणि नाट्यसंगीत अडून राहतें, तीहि परदेशांतून आलेली, भात्याच्या यंत्रानें स्वर काढणारी आणि काखेला मारून कोठेंहि नेतां येणारी अशीच होती. तिच्यांत मींड येत नाहीं, तिचे स्वर पाश्चात्य पट्टीचे, असे आक्षेप तिच्यावर होते. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी उठूं लागण्यास तीस वर्षें लागलीं. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर मींड आजहि येत नाहीं. पण म्हणून ती वाद्य नव्हे, असें आज कोणत्या मराठी घरांत म्हणतां येईल?

विजेच्या वाद्याकडे तर ही मींडेची उणीवहि नाहीं. विजेच्या प्रवाहाचें आंदोलन हाच त्याचा मूळ नाद असतो, आणि वादक खुंट्या फिरवून त्या नादाची उंची, त्याचा पोत, त्याचा उठाव आणि त्याचा विलय हीं क्षणोक्षणीं बदलूं शकतो. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं अशा यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्यांपैकीं एका यंत्राला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातां येत असे. त्या काळीं तिकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती पुनः प्रसिद्ध झाली तेव्हां परदेशांतील रसिकांनीं ती उचलून धरली. त्याच्याहि आधीं, १९६९ सालीं, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साह्यानें विजेचें स्वरयंत्र बसविण्यांत आलें होतें. तें कपाटाएवढें होतें. आज तेंच काम वहीएवढ्या पेटींत होतें. म्हणजे ही विद्या आपल्या देशांत येऊन अर्धशतक उलटून गेलें आहे. तिला नवशिक्यांचें खूळ म्हणून उडवून लावण्याचे दिवस आतां राहिलेले नाहींत.

बटण दाबून मोकळा होणारा मनुष्य वादक नव्हे, हें आम्हांसहि मान्य आहे. पण मग हा निकष सर्वांना सारखा लावा. मिरवणुकींतल्या ट्रकवर रचलेल्या भिंतींतून जें ऐकूं येतें तें बहुधा आधींच मुद्रित झालेलें चित्रपटगीत असतें. तेथें कोणी वाजवीत नसतें. उलट हातगाडीवर बॅटरी ठेवून मिरवणुकीपुढें बेंजो छेडणारा वादक बोटांनीं वाजवितो, लोकांचीं पावलें पाहून लय वाढवितो, चुकतो आणि सावरून घेतो. वादन म्हणतात तें याला. विजेचा संबंध दोहोंकडे सारखाच आहे. भेद आहे तो तेथें वाजविणारा माणूस आहे कीं नाहीं, एवढाच.

दुसरा आक्षेप असा कीं, वाजवावयाचेंच तर सभागृहांत वाजवा. रस्ते, घाट आणि पूल कशाला हवेत? हा प्रश्न ज्यांना सुचतो त्यांनीं जागा ही गाण्याभोंवतींची रिकामी पेटी आहे असें गृहीत धरलेलें असतें. अमेरिकन रचनाकार आल्विन लूसियर यांची १९६८ मधील 'व्हेस्पर्स' ही रचना या समजुतीला चोख उत्तर आहे. तींत वादक अंधारांत, डोळ्यांवर पट्टी बांधून, हातांत एकेक लहानसें यंत्र घेऊन चालतात. यंत्रांतून टकटक असा तीक्ष्ण आवाज निघतो. तो भिंतीवर, खांबावर, छतावर आपटून परत येतो, आणि वटवाघूळ जसें पडसादावरून मार्ग काढतें तसे हे वादक वाट काढीत पुढें सरकतात. श्रोत्यांस मग यंत्राबरोबरच त्या वास्तूचा आकारहि ऐकूं येऊं लागतो. दुसऱ्या वास्तूंत नेली कीं तीच रचना दुसरी होते. दगडी सभामंडपांत, पुलाच्या कमानीखालीं आणि उघड्या वाळवंटांत टाळी वाजवून पाहा. तीन ठिकाणीं ती तीन प्रकारची वाजेल. चांगल्या सभागृहांत हे भेद मुद्दाम आंवरून धरलेले असतात. जो वादक यंत्र पाठीवर टाकून बाहेर पडतो तो याच भेदांच्या शोधांत असतो, आणि त्यासाठीं त्याला बाहेर पडावेंच लागतें.

दुसरें उदाहरण न्यू यॉर्कचें. १९९२ च्या डिसेंबरांत फिल क्लाइन या रचनाकारानें एका रचनेचे चार भाग निरनिराळ्या कॅसेटींवर मुद्रित केले, ते आपल्या मित्रमंडळींस वांटले, आणि प्रत्येकानें हातांत कॅसेट वाजविणारा रेडिओ घेऊन शहराच्या गल्ल्यांतून चालावें अशी योजना केली. रचना ४५ मिनिटांची, कारण कॅसेटची एक बाजू तेवढीच. पुढें ही दिंडी दरवर्षीं निघूं लागली. टेपा आधीं मुद्रित होत्या, मग ट्रकवरील भिंतीला लावलेला निकष येथें कां नको, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, येथें एकाहि टेपेंत पुरें संगीत नसतें. सर्व यंत्रें नेमकीं एका क्षणीं सुरू होत नाहींत, चालणारे मागेंपुढें होतात, गल्ली अरुंद झाली कीं नाद दाटतो आणि चौकांत आल्यावर पसरतो. जें ऐकूं येतें तें माणसांच्या चालण्यानेंच घडतें. ज्या महाराष्ट्रांत गळ्यांत वीणा, हातांत टाळ आणि कमरेला मृदंग बांधून माणसें पंढरीची वाट चालत आलीं, तेथें तरी ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे पहाटेस येणारा वासुदेवहि चिपळ्या वाजवीत दारावरून जाई. तो दारांत ठाण मांडून बसत नसे, हें येथें विशेष लक्षांत घ्यावयाचें.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो आम्ही शिरोधार्य मानतों. रस्त्यानें जाणाऱ्यानें हें संगीत मागितलेलें नसतें. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहींत. घरांत आजारी माणूस असतो, तान्हें मूल असतें, परीक्षेला बसलेली मुलगी असते. त्यांच्या शांततेवर कलेच्या नांवाखालीं कोणासहि घाला घालतां येणार नाहीं. परंतु या आक्षेपाचा रोख कोणावर आहे तें थोडें गणित करून पाहूं.

उघड्या जागीं एका लहान उगमापासून निघालेला आवाज अंतर दसपट झालें कीं २० डेसिबलनें उतरतो. एक मीटरवर ७५ डेसिबल वाजणारी पेटी १० मीटरवर ५५ वर येते, आणि वसतीच्या भागांत दिवसा ५५ डेसिबल ही आपल्या कायद्याचीच मर्यादा आहे. आतां एक मीटरवर १२० डेसिबल देणारा उगम धरा. तो ७५ डेसिबलच्या पेटीहून सुमारें तीस हजारपट शक्तीचा होतो, आणि याच हिशेबानें ५५ वर येण्यास त्याला सुमारें १८०० मीटर लागतात. दोहों बाजूंस इमारती असलेल्या गल्लींत तर आवाज भिंतींवर आपटून कोंडतो व इतकाहि उतरत नाहीं. शिवाय छातींत धडधडणारे आणि खिडक्यांचीं तावदानें हालविणारे जे खोल ठोके असतात, त्यांची लांबी पाहा. सेकंदास ५० आंदोलनांचा नाद घेतला तर त्याची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. असा नाद जोरानें हालविण्यास मोठे कर्णे, मोठ्या पेट्या आणि भरपूर वीज लागते. हें सामान पाठीवर येत नाहीं. त्याला ट्रक लागतो आणि जनित्र लागतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, वाद्याचें वजन हें येथें नुसतें सोयीचें माप नाहीं. शेजाऱ्याच्या घरांत किती शिरावयाचें याचें तें माप आहे. जें सामान एक माणूस स्वतः वाहून आणतो त्यानें रस्ता बळकावतां येत नाहीं.

अर्थात् वजन हें पुरेसें माप नव्हे. आगगाडीच्या डब्यांत मूठभर पेटींतून आपल्या आवडीचें गाणें साऱ्या डब्यावर लादणारे महाभाग आपण रोज पाहतों. त्यांना वादक म्हणून पाठीशीं घालण्याचा आमचा मुळींच विचार नाहीं. हलकें सामान, मापांत बसणारा आवाज आणि प्रत्यक्ष वाजविणारा माणूस, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच आमचा युक्तिवाद लागूं पडतो.

हळू आवाजालाहि चौकांत स्थान असूं शकतें, हें मॅक्स न्यूहाउस यांनीं न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्यें दाखवून दिलें. तेथें पादचाऱ्यांच्या पायांखालच्या लोखंडी जाळीआड त्यांनीं १९७७ सालीं एक अखंड नाद बसविला. तो १९९२ पर्यंत चालला आणि २००२ पासून पुनः सुरू झाला. हें प्रत्यक्ष वादन नव्हे, कायमची योजना आहे. पण आमच्या मुद्द्याला ती उपयोगी आहे. जवळ पाटी नाहीं, नांव नाहीं. घाईंत असलेला मनुष्य त्यावरून निघून जातो; ज्याच्या कानांत तो नाद भरतो तो थांबतो. ऐकणें न ऐकणें जाणाऱ्याच्या हातीं राहतें. तिसऱ्या आक्षेपाचें खरें समाधान येथें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. इंग्लंडमध्यें १९९२ च्या मे महिन्यांत कॅसलमॉर्टन येथील माळरानावर हजारों तरुण विजेच्या संगीतासाठीं जमले आणि कित्येक दिवस हलले नाहींत. गांवकऱ्यांना झालेला त्रास खरा होता. पण १९९४ च्या फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यांत रात्रीच्या अशा मेळाव्यांवर बंधन घालतांना, पुनःपुनः पडणाऱ्या ठोक्यांची मालिका हें ज्याचें मुख्य लक्षण अशा ध्वनींचाहि संगीताच्या व्याख्येंत समावेश करण्यांत आला. आमच्या भजनी ठेक्याचें वर्णन याहून निराळें काय करतां येईल? मेळाव्याच्या माणसांची मर्यादा आधीं १०० होती, ती २००३ सालीं २० वर आणली. आवाज मोजावयाचें सोडून संगीताची जात ठरवूं लागलें कीं कायदा असा भरकटतो. याच्या उलट न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेचे नियम पाहा. फलाटावर ध्वनिवर्धकास मनाई. इतरत्र आवाज ५ फुटांवर ८५ डेसिबलच्या वर जातां कामा नये. कोणतें वाद्य, कोणती लय, याची चौकशी नाहीं. जागा, अंतर आणि आंकडा यांचीच आहे.

आपल्याकडील ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांतील आंकडे चांगले आहेत; रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंतची बंदीहि योग्य आहे, आणि ती कोणासाठींहि सैल होऊं नये असें आम्हांस वाटतें. परंतु राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठीं वर्षांतून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देतां येते. म्हणजे ज्यांचा आवाज आधींच मोठा त्यांच्यासाठीं वेळहि वाढवून देण्याची सोय आहे. दुसरीकडे, ध्वनिक्षेपक लावावयाचा तर लेखी परवानगी लागते, मग तो ट्रकभर असो कीं तळहाताएवढा. मंडळाजवळ कार्यकर्ते आहेत, वर्गणी आहे, ओळखी आहेत. एकट्या वादकाजवळ अर्ज घेऊन हेलपाटे घालण्यापलीकडे कांहीं नाहीं.

आमची मागणी साधी आहे. एका माणसानें वाहून आणलेलें, बॅटरीवर चालणारें आणि १० मीटरवर ५५ डेसिबलच्या आंत राहणारें वाद्य दिवसा, शांतता क्षेत्राबाहेर, तासभर वाजवावयाचें असेल तर केवळ सूचना देणें पुरेसें मानावें. त्यापुढच्या प्रत्येक आवाजाचें माप ध्वनिमापकानें घ्यावें. मग तो देवाच्या नांवानें असो, पुढाऱ्याच्या असो वा कलेच्या. ज्या शहरांत पाठीवर वाद्य घेऊन आलेल्या एकट्या वादकाला दुपारीं बागेंतून उठवतात आणि रात्रीं त्याच बागेच्या दारावरून ट्रकभर ध्वनिक्षेपकांना वाट करून देतात, त्या शहरानें आपण शांततेचे कैवारी आहों अशी फुशारकी मारूं नये. आणि आमच्या वाचकांसहि एवढेंच सांगणें आहे कीं, असा वादक कोठें आढळला तर पोलिसाला हांक मारण्यापूर्वीं दहा पावलें मागें जाऊन पाहावें. तेथें त्याचा आवाज विरला असेल तर तक्रारीला कारण उरलें नाहीं. आणि तरीहि ऐकावेंसें वाटत असेल तर पुनः दहा पावलें पुढें यावें.