मिगचा निरोप आणि ओझरचे उत्तरदायित्व

अहिल्यानगर हे रणगाड्यांचे शहर. लढाऊ विमानांशी आपला काय संबंध, असे येथील वाचकास वाटणे साहजिक आहे. परंतु शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील ओझरचा कारखाना १९६४ साली निघाला तोच मुळी मिग-२१ बांधण्यासाठी. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे हे सोव्हिएत बनावटीचे विमान १९६३ मध्ये वायुदलात आले. १४ डिसेंबर १९७१ रोजी त्याने ढाक्याच्या राजभवनावर मारा केला आणि गव्हर्नराने त्याच दिवशी राजीनामा लिहून दिला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे या विमानास निरोप देण्यात आला.

त्यास ‘उडती शवपेटी’ म्हणण्याची रूढी आम्हांस मान्य नाही. अतिवेगाने धावपट्टीवर उतरणारे हे यंत्र नवशिक्या वैमानिकाच्या हाती देण्यापूर्वी मधल्या पायरीचे प्रशिक्षण-विमान हवे, ही गरज १९८०च्या दशकातच सांगितली गेली होती. ‘हॉक’ दाखल झाले २००८ मध्ये! तोवर ज्या घरांतील दिवे विझले, त्यांचा हिशेब कोणत्या फाइलीत आहे?

आता ओझरलाच तेजस मार्क-१ए बांधले जात असून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथील पहिले विमान उडाले. तथापि ८३ विमानांचा करार २०२१चा; ती २०२४ पासून मिळावयाची होती, त्या वर्षी एकही मिळाले नाही. अमेरिकन इंजिनेच उशिरा आली. ओझरच्या कारागिरांविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. संरक्षण खात्याने मात्र प्रत्येक विमानाची तारीख संसदेपुढे ठेवावी, आणि ती चुकल्यास कारण कोणी सांगावयाचे, हेही आजच ठरवावे.