‘इतर’मध्ये काय दडलंय?

खरं सांगा, तुमच्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये ‘इतर’ नावाचा एक ग्रुप आहे ना? असतोच! कुठे टाकायचं कळलं नाही, की काम तिथे ढकलायचं आणि मोकळं व्हायचं.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मूळची इंदापूर तालुक्यातली. मध्यंतरी एका वीकेंडला तिच्या गावी गेलो होतो. आराम राहिला बाजूला, बाईसाहेब ओसरीवर लॅपटॉप उघडून बसल्या. सोमवारी क्लायंटला प्लॅन द्यायचा होता. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये १४० कामं, पाच ग्रुप : डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, मीटिंग्ज आणि इतर. ‘इतर’मध्ये १९ कामं. दिसायला सगळं एकदम चकाचक.

तिचे वडील चहा घेऊन आले. स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘‘ऊसतोडीचा प्रोग्रॅम लावतीस का काय?’’

आम्ही हसलो. पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती... बारामती-इंदापूरचा हा सगळा पट्टा साखर कारखान्यांचा. सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी तोडता येत नाही. म्हणून लागणीच्या तारखेची नोंद घ्यायची आणि गट पाडायचे. जुलै-ऑगस्टची लागण आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारीच्या आसपासची सुरू आणि तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला तो खोडवा. आडसालीला १६ ते १८ महिने लागतात, सुरूला साधारण १२. नुसते गावाप्रमाणे गट पाडले, तर कोवळा ऊस तुटेल आणि पक्व ऊस शेतात वाळेल. थोडक्यात, गट पाडायचा तो ‘तयार कधी होणार’ यावर!

‘‘एका साली सुरूची नोंद द्यायला मीच उशीर केला,’’ ते म्हणाले. ‘‘तोड एप्रिलात आली. उसाला तुरं आलेलं, वजन घटलं. तुझी कॉलेजची फी त्या साली आईच्या पाटल्या मोडून भरली.’’

मैत्रिणीला हे माहीतच नव्हतं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ‘इतर’ उघडलं. अकरावी ओळ : ‘क्लायंटच्या सर्व्हरचा अॅक्सेस मिळवणे.’ तो मिळाल्याशिवाय टेस्टिंग सुरूच होणार नव्हतं!

तर मंडळी, त्या ओसरीवर शिकलेले फंडे :

• ग्रुप कामाच्या जातीवर नको, शेवटी हातात काय पडणार त्यावर करा. ‘कोडिंग’ नको, ‘लॉगिन सुरू झालं’ हवं.

• कामं सिलेक्ट करून इंडेंट केली, की वरची ओळ ठळक होते. ती समरी टास्क. तिच्या तारखा खालच्या कामांवरून आपोआप ठरतात. पाच-पाच दिवसांची दोन कामं एकाच वेळी चालली, तर वर पाचच दिवस दिसतात, दहा नाही. म्हणून माणसं आणि ‘याच्यानंतर ते’ हे दुवे खालच्या खऱ्या कामांना जोडा, ठळक ओळीला नको.

• ‘ग्रुप बाय’ वेगळं. त्याने प्लॅन बदलत नाही, फक्त मांडणी बदलते. आठवड्यातून एकदा माणसांप्रमाणे ग्रुप करून बघा. कोण कामाखाली दबलंय आणि कोण निवांत आहे, लगेच कळतं.

• ‘इतर’ रिकामं होईपर्यंत प्लॅन झाला असं म्हणू नका.

रविवारी संध्याकाळी स्वारगेटच्या एसटीत बसलो, तेव्हा ती १९ कामं आपापल्या जागी गेली होती. सर्व्हरचं काम सगळ्यांत वर. भिगवण मागे पडल्यावर तिने घरी फोन लावला.

‘‘अण्णा, यंदाची नोंद दिलीय ना?’’

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

‘‘मी दिलीय. तू दिलीस का?’’