सियालदह : वर्गातील बेशिस्तीचे मूळ घराच्या वेळापत्रकात

कोलकाता : कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर आणि डायमंड हार्बर येथून सियालदह स्थानकाच्या दक्षिण विभागात येणाऱ्या पहाटेच्या लोकल गाड्यांत महिलांची गर्दी असते. दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातील या महिला शहरातील घरांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करतात. आई अंधारातच घराबाहेर पडली की चूल, पाणी आणि धाकट्या भावंडांचा भार थोरल्या मुलीवर येतो. ती आठवी-नववीत असेल तर त्याचे पडसाद थेट वर्गात उमटतात. उशिरा येणे, डुलक्या, अपुरा गृहपाठ, एखादे उलट उत्तर. शाळेच्या दफ्तरी हे सारे ‘बेशिस्त’ या एकाच शब्दात जमा होते.

माध्यमिक टप्प्यावर विद्यार्थ्यांचे शाळेतील मन का उडते, या प्रश्नाचे उत्तर केवळ शाळेत शोधणे त्यामुळेच अपुरे ठरते. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्यविषयक सर्वेक्षण केले. त्यात ७३ टक्के विद्यार्थ्यांनी शालेय जीवनाबद्दल समाधान व्यक्त केले. मात्र मुले माध्यमिक वर्गांत पोहोचताच हे समाधान घटत असल्याचे आढळले. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची प्रमुख कारणे होती. अर्थात, अशी सर्वेक्षणे शाळेत हजर असलेल्यांशीच बोलतात. गैरहजर मुलीचे मन त्यांत नोंदले जात नाही.

या संदर्भात सियालदह येथील लोरेटो डे स्कूलचा अनुभव आजही महत्त्वाचा आहे. आयर्लंडहून १९५६ मध्ये भारतात आलेल्या सिस्टर सिरिल मूनी १९७९ मध्ये या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. स्थानकाच्या परिसरात राहणाऱ्या मुलींसाठी त्यांनी १९८५ मध्ये ‘रेनबो’ उपक्रम सुरू केला. फाळणीनंतर ज्या फलाटांवर निर्वासितांची कुटुंबे दिवस काढत होती, त्याच परिसरातील हे नवे निराधार बालपण होते. उपक्रमाची रीत साधी होती. शाळेच्या नियमित विद्यार्थिनी वेळापत्रकातील ठरलेल्या तासाला या मुलींना एकेकीने शिकवत. ज्यांना घर नव्हते किंवा असलेले घर सुरक्षित नव्हते, त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय शाळेच्या इमारतीतच झाली. आधी झोप, जेवण आणि विश्वासाचे एखादे माणूस. अभ्यास त्यानंतर, हा क्रम येथे महत्त्वाचा होता. शिकवणाऱ्या मुलींनाही त्यातून जबाबदारी मिळाली, हा लाभ फारसा मोजला गेला नाही. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण मात्र वयाच्या १४ व्या वर्षी, आठवीच्या उंबरठ्यावर संपते. घराचा ताण वाढण्याचे वयही नेमके हेच. मुलींच्या बाबतीत त्यात विवाहाची भर पडते. पश्चिम बंगालने २०१३ मध्ये ‘कन्याश्री’ योजना आणली. अविवाहित राहून शिक्षण सुरू ठेवणाऱ्या मुलीला १८ व्या वर्षी २५ हजार रुपये दिले जातात. योजनेला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कारही मिळाला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयोगटातील महिलांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४१.६ टक्के होते आणि २०१९-२१ मध्येही तेवढेच राहिले. याच काळात महाराष्ट्रात ते २६.३ वरून २१.९ टक्क्यांवर आले. मात्र ऊसतोडीच्या हंगामात आई-वडील फडावर गेल्यावर मागे राहणाऱ्या किंवा त्यांच्यासोबत जाणाऱ्या बीडच्या मुलींची स्थिती कॅनिंगच्या मुलींहून फार निराळी नाही. तेथेही हंगामी वसतिगृहांची गरज भासली, ती याच कारणाने.

दुसऱ्या टोकाला शिकवणीचा ताण आहे. ‘असर’ २०२२ नुसार पश्चिम बंगालमधील ग्रामीण भागात पहिली ते आठवीची सुमारे ७४ टक्के मुले पैसे भरून शिकवणीला जातात; देशात हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आहे. पोटाला चिमटा काढून फी भरणाऱ्या पालकांची अपेक्षा मुलांच्या डोक्यावर बसते आणि शिकवणी न परवडणारे मूल वर्गात आपोआप मागच्या बाकावर सरकते.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. पालकांसाठी नियमित जागृती कार्यक्रमही त्यात सांगितले आहेत. निर्देश स्वागतार्ह आहेत. परंतु मुलीला रोज दोन तास जास्त झोप मिळावी, यासाठी समुपदेशकाच्या हाती काहीही नाही. तिच्या घरी पाण्याचा नळ आणि धाकट्या भावंडासाठी पाळणाघर असणे हा वेगळ्या खात्यांचा विषय ठरतो. पालकसभाही बहुधा दिवसाच भरते; कॅनिंग लोकलने आलेली आई त्या वेळी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असते.