मोटार पाहावी जोडून

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडात त्यात ‘मोटार पाहावी जोडून’ अशी भर घालावी लागेल. १९५७ साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही चिमुकली शर्यती मोटार सुट्या भागांत विकावयास काढली. घरी जोडली की खरेदीकर वाचे. पण इंजिन कोणते घ्यावे? फोर्डचे ११७२ सीसीचे इंजिन स्वस्त आणि साधे. शक्ती मात्र ४० अश्वांच्या आसपास. कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचे १०९८ सीसीचे इंजिन सुमारे ७५ अश्वांचे. पण किंमत खिसा फाडणारी. गंमत अशी की, या शर्यतवीराचा पूर्वज आग विझवण्याच्या पंपासाठी घडवलेला! पंप माणसांना उचलून नेता यावा म्हणून तो हलका केला. तोच हलकेपणा शर्यतीत कामी आला.

तेव्हा नुसते अश्व मोजू नयेत. इंजिन जड घेतले की सांगाडा जाड हवा, स्प्रिंगा कडक हव्यात, ब्रेक मोठे हवेत. मग हे वाढलेले वजन ओढायला आणखी मोठे इंजिन! आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर पहिल्याच वळणावर जिवाशी गाठ. वरसंशोधनात लोक घराणे पाहतात. येथे आधी वजनकाटा पाहावा.