ओळखीची टाळी

ऑर्गनवाला रंगमंचाखाली बसतो. डोळे गाणाऱ्या नटाच्या ओठांवर आणि एक कान प्रेक्षागृहाकडे. सांगलीतल्या आमच्या हौशी मंडळींनी ‘संगीत संशयकल्लोळ’ नव्यानं उभं केलं आहे. त्याच्या प्रयोगांत पायपेटीचा भाता मारता मारता जे कानावर पडतं आहे, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. संगीत नाटकाचा प्रेक्षक आटला, ही ओरड खोटी आहे. प्रेक्षक येतो, तिकीट काढून येतो, सुनेला-जावयाला घेऊन येतो. पण त्यातला निम्मा नाटक बघायला येत नाही. तो स्वतःची आठवण ताडून बघायला येतो.

नाटकाचा नायक अश्विनशेठ याचं दरबारी रागातलं पद घ्या. मी सूर देतो, तबलजी हातोडी खाली ठेवतो, आमचा अश्विनशेठ पहिले दोन शब्द उच्चारतो आणि कडाडून टाळी पडते. त्या टाळीत मुखडा बुडून जातो. पोरानं अजून काही गायलेलंच नसतं! मग ही टाळी कोणाला? माझ्या मते ती ज्याची त्याला असते. ‘हे मला येतं, हे आमच्या घरी लागायचं,’ याची ती पावती. पुढे अंतऱ्यात तोच मुलगा दरबारीच्या गंधारावर असा काही थांबतो, घाई न करता तो हलवत ठेवतो, की माझी बोटं पट्ट्यांवर सैल पडतात. तिथं मात्र सभागृह गप्प. तिथवर अनेकांचे मोबाइल खाली गेलेले असतात, कारण मुखडा टिपून झालेला असतो.

मध्यंतरात विंगेमागे भेटायला येणारे लोक चांगलेच असतात. प्रेमानं पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘‘छान करताय हो, पण मूळ ते मूळ.’’

मूळ म्हणजे कोणतं? गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. हे नाटक त्यांनी आधी ‘फाल्गुनराव’ या नावानं गद्य लिहिलं, 1893 मध्ये. तेही आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं, आणि मर्फीनं ते मोलिएरकडून उचललेलं. पदं आली ती पुढे, गंधर्व नाटक मंडळीसाठी. 1916 च्या जूनमध्ये देवल गेले आणि संगीत ‘संशयकल्लोळ’चा पहिला प्रयोग झाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. म्हणजे खुद्द नाटककारालाही जे रंगमंचावर बघायला मिळालं नाही, त्याला आपण ‘मूळ’ म्हणून कवटाळून बसलो आहोत.

बरं, कानात बसलेलं मूळ तरी रंगमंचावरचं आहे का? तेही नाही. ते तबकडीतलं आहे. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गायकाला पद त्यात कोंबावं लागे. तोच गायक रात्री नाटकात तेच पद वन्समोअरवर वन्समोअर घेत खुलवत असे आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेनं जात असे. बालगंधर्वांचे प्रयोग पहाटेपर्यंत चालत, ते काय तबकडीबरहुकूम गायल्यामुळे? साथीला अहमदजान थिरकवाँसारखा तबलजी बसलेला असताना गाणं रोज एकाच चाकोरीतून कसं जाईल? आजचा प्रेक्षक आमच्या पोराला त्या साडेतीन मिनिटांच्या मापानं मोजतो. एखादी हरकत जास्त घेतली तर ‘लांबवतो’, कमी घेतली तर ‘गंधर्वांची सर नाही’. पोरानं करावं काय?

असंच ‘कट्यार काळजात घुसली’च्या बाबतीत झालं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 1967 चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. 2010 मध्ये सुबोध भावे यांनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं, तेव्हा खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. मी एका प्रयोगाला साधा प्रेक्षक म्हणून गेलो होतो. माझ्या शेजारचे गृहस्थ प्रत्येक तानेला मान हलवून बायकोला सांगत होते, हे आजोबांचं, हे नातवाचं. इतकी बारीक वाटणी तर आमच्याकडे शेताची पण होत नाही! या हिशेबात खाँसाहेबाची जळणारी ईर्षा, त्याचं खजील होणं, हे सगळं त्यांच्या हातून निसटलं. आणि ते नाटक तर त्याच गोष्टीचं आहे. पुढे 2015 मध्ये चित्रपट आला, आणि मग नाटकाच्या प्रयोगाला चित्रपटासाठी नव्यानं बांधलेलं गाणं कधी येणार असं विचारणारेही भेटले. पन्नास वर्षांचं नाटक चित्रपटाच्या मापानं अपुरं ठरलं.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण नुसती तक्रार करण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. ‘संशयकल्लोळ’च्या प्रयोगात एक जागा अशी आहे की तिथं मी पाय थांबवून नुसता ऐकत बसतो, आणि तिथं गाणं नाहीच. अश्विनशेठच्या प्रेयसीला, रेवतीला, रस्त्यात घेरी येते, संशयी फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती बघत असताना फाल्गुनराव मागून येऊन उभा राहतो. नवरा-बायको दोघंही एकाच वेळी एकमेकांचं पाप पकडल्याच्या आनंदात! इथं जो हशा येतो तो आठवणीतून आलेला नसतो. बारा-तेरा वर्षांची पोरं हसतात, त्यांना गंधर्व कोण हे माहीतही नसतं. एका प्रयोगानंतर कॉलेजातली एक मुलगी धावत आली. सगळ्या बायकांची नावं नक्षत्रांची आणि पुरुषांची महिन्यांवरून, हे मध्यंतरात तिच्या ध्यानात आलं होतं. ‘‘काका, तो नोकर भादव्यासुद्धा!’’ म्हणून ती पुन्हा हसली. शंभर वर्षांहून जुन्या नाटकाला तिनं स्वतःच्या अकलेनं दाद दिली. मला ती त्या कडकडाटी टाळीपेक्षा मोलाची वाटते.

म्हणूनच राग येतो तो प्रयोग लावणाऱ्यांचा. ‘‘पदं किती घेताय?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न. ‘‘गद्य जरा उडवा, लोक गाण्याला येतात.’’ आता संशयाचं नाटक गैरसमजाच्या एकेका पायरीनं चढतं. मधल्या दोन पायऱ्या काढल्या तर फाल्गुनराव नुसता चिडखोर म्हातारा उरतो. पहाटेपर्यंतचं नाटक आज तीन तासांत बसवावं लागतं, हे मान्य. थिएटरची वेळ संपते, शेवटची बस सुटते, नोकरदार माणसाला सकाळी उठायचं असतं. कात्री लागणारच. पण ती दर वेळी गद्यालाच का? एखादं पद गाळलं तरी चालेल, असं मी ऑर्गनवाला असून म्हणतो. प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी हेच नाटक केलं, तेव्हा फाल्गुनराव आणि अश्विनशेठ दोघांनाही बरोबरीचं वजन होतं, आणि लोक पोट धरून हसले. गद्य लोकांना नको असतं, हा आयोजकांचा समज त्या प्रयोगांनीच खोडला आहे.

वन्समोअरचंही असंच. तो बंद करा म्हणणारे हल्ली पुष्कळ आहेत: नाटकाचा ओघ तुटतो, वास्तवाला धक्का बसतो. मला ते पटत नाही. ज्या नाटकात माणूस प्रेमात पडला की दरबारी गातो, तिथं वास्तव आधीच घरी ठेवून यायचं असतं. वन्समोअर हवाच. पण तो ऐकून द्यायचा असतो. गोव्यात साथीला गेलो की हा फरक कळतो. मंगेशी हे एकच गाव घ्या, मास्टर दीनानाथही तिथलेच आणि अभिषेकीही. त्या भागातला देवळापुढचा प्रेक्षक मुखड्याला हात हलवत नाही. तो थांबतो. गायक तान घेऊन समेवर येतो का, ते बघतो. आला तर असा ओरडतो की तबलजीच्या अंगावर काटा येतो, आणि नाही आला तर चक्क शेजाऱ्याशी भाताच्या पिकाबद्दल बोलायला लागतो. हा अपमान मला परवडतो. पुण्या-मुंबईच्या सभागृहातला सरसकट, सभ्य, पहिल्या ओळीवरचा कडकडाट परवडत नाही, कारण त्यानं पोराला कळतच नाही की आज त्याचं गाणं जमलं की फसलं. आमच्या अश्विनशेठनं एका रात्री सुरापासून सुटून पद म्हटलं, तरी टाळी तितकीच पडली. घरी जाताना तो गाडीत एक शब्द बोलला नाही.

नव्या मुलांना अशा नाटकात उभं करणं सोपं नाही. गाता यायला हवं, शंभर वर्षांपूर्वीची वाक्यं आजच्यासारखी बोलता यायला हवीत, धोतर सांभाळता यायला हवं. पैसा मिळत नाही. त्यांना निदान खरी दाद मिळायला हवी, आणि ती देणं फक्त तुमच्या हातात आहे.

तेव्हा यंदा कुठं ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’ लागलं तर जरूर या. तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा, कारण नांदी मोबाइलचे दिवे लावून खुर्ची शोधण्यासाठी नसते. ज्यानं एकही पद ऐकलेलं नाही असा एक जण सोबत आणा आणि त्याला आधी काही सांगू नका. आणि मुखड्याला टाळी वाजवू नका. अंतरा होऊ द्या, मग जमलं असेल तर हात दुखेपर्यंत वाजवा, वन्समोअर मागा. मी तयार बसलेला असेन.